दोन सीटांच्या मधली चावी

सन २००५ च्या सुमारास अमेरिकेतल्या शोरूममध्ये साब ९-७एक्स नावाची एक थोराड एसयूव्ही येऊन उभी राहिली. नाव स्वीडिश, पण गाडी बनायची ओहायो राज्यातल्या मोरेन गावी, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. चॅसी शेव्हरोले ट्रेलब्लेझरची, इंजिने त्याच घराण्यातली. पुढे साबची जाळी बसवली, डॅशबोर्ड बदलला, सस्पेन्शन जरा आवळले. एक काम मात्र अगदी आठवणीने केले. इग्निशनची चावी मूळ जागेवरून काढून दोन सीटांच्या मध्ये, गिअरच्या दांड्यामागे नेऊन ठेवली. साबची चावी खाली असते, एवढे अमेरिकी ग्राहकाला ठाऊक होते ना!

ती चावी मुळात खाली का गेली होती? १९६७ मध्ये साब ९९ लोकांसमोर आली, तेव्हा इंजिनिअरांचा हिशेब सरळ होता. चावी स्टिअरिंगजवळ असली, तर धडक बसल्यावर ड्रायव्हरचा गुडघा तिच्यावर आपटतो. म्हणून ती खाली नेली. खाली नेल्यावर तिला आणखी एक काम लावले. गाडी रिव्हर्स गिअरमध्ये टाकल्याशिवाय चावी निघत नसे, आणि निघाली की गिअरबॉक्सच कुलूपबंद होई. चोराने तारा जोडून इंजिन सुरू केलेच, तर गाडी फक्त मागे जाणार. तोटाही होता. कॉफीचा कप कलंडला की थेट कुलपात.

साबला जगाने तऱ्हेवाईक म्हटले ते असल्या गोष्टींवरून. पण त्या गाडीची प्रत्येक तऱ्हा कुठल्या ना कुठल्या अडचणीवर काढलेला तोडगा होती. अडचण विसरून नुसती तऱ्हा उचलली की तिचा नखरा होतो. ट्रॅकवरच्या शर्यतीत हरून किंवा वाईट गाड्या बनवून साब बुडाली नाही. तिच्या तऱ्हांचा नखरा झाला, आणि त्यापुढे तिच्यासाठी चार पैसे जास्त मोजायला ग्राहकाकडे कारण उरले नाही. अर्थात या पापाची वाटेकरी एकटी अमेरिकी मालक जनरल मोटर्स नव्हती.

साब हे नाव मराठी कानाला 'साहेब'च्या जवळचे वाटते, पण ती स्वीडिश विमान कंपनीच्या लांबलचक नावाची आद्याक्षरे. 'स्वेन्स्का एरोप्लान आक्तीबोलागेत' ही कंपनी १९३७ मध्ये देशाच्या हवाई दलाला विमाने पुरवण्यासाठी निघाली. महायुद्ध संपत आले तशी चिंता सुरू झाली. लढाऊ विमानांची मागणी आटल्यावर कारखान्यात करायचे काय? उत्तर निघाले, छोटी मोटार. प्रकल्पाला क्रमांक मिळाला ९२, कारण ९० हे प्रवासी विमान होते आणि ९१ हे शिकाऊ वैमानिकांचे. मोटार म्हणजे त्यांच्या लेखी यादीतले पुढचे विमान.

प्रमुख इंजिनिअर गुन्नार युंगस्ट्रोम. गाडीला रूप दिले सिक्स्टन सासोन यांनी, ज्यांनी हॅसेलब्लाड कॅमेऱ्याचीही रचना केली. पंधरा-सोळा जणांच्या त्या चमूत गाडी चालवण्याचे लायसन्स जेमतेम दोघांकडे होते, असे साबप्रेमी आजही कौतुकाने सांगतात. त्यांना मोटार ठाऊक नव्हती, हवा ठाऊक होती. त्यामुळे त्यांनी विमानाच्या पंखाच्या छेदासारखी, पुढून गोल आणि मागे निमुळती होत जाणारी गाडी काढली. हवेचा रोध मोजण्याचा जो गुणांक असतो, तो या गाडीचा ०.३० च्या आसपास होता. १९४७ च्या नमुन्यासाठी हा आकडा थक्क करणारा होता. मागचे पत्रे मजबूत राहावेत आणि खर्चही वाचावा म्हणून डिकीला झाकणच दिले नाही, सामान मागच्या सीटच्या पाठीमागून आत सरकवायचे. डिसेंबर १९४९ मध्ये ट्रोलहॅटन गावी उत्पादन सुरू झाले, तेव्हा रंग एकच मिळे, गडद हिरवा. विमानांसाठी आणलेला रंग उरला होता तो खपवला, असे म्हणतात. डिकी उघडण्याची आणि दुसऱ्या रंगाची सोय व्हायला १९५३ उजाडले.

इंजिन टू-स्ट्रोक. जुनी बजाज किंवा लँब्रेटा वापरलेल्या पिढीला यातली गोम सांगायला नको. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे, मागे निळसर धूर, आणि इंजिनला वंगण मिळते ते पेट्रोलबरोबरच. उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद, म्हणजे वंगणही बंद, आणि चाके मात्र इंजिनला गरागरा फिरवत असतात. साबने यावर सायकलचा उपाय काढला. पायडल थांबवले तरी चाक फिरत राहते, तसले फ्री व्हील गाडीला बसवले. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन आणि चाके यांचा संबंध तुटायचा. इंजिन वाचले, पण घाट उतरताना इंजिनाचा ब्रेक गेला, सगळी मदार पायाच्या ब्रेकवर. पहिल्यांदा चालवणाऱ्याच्या पोटात गोळाच येई.

अशी गाडी अमेरिकेत विकायला काय करावे लागत असेल, याचा एक साक्षीदार पुढे जगप्रसिद्ध झाला. लेखक कर्ट व्होनगट यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडवर साबची एजन्सी चालवली आणि बुडवली. आपण या गाड्यांची इतकी निंदा केली की त्यामुळेच स्वीडिश लोकांनी आपल्याला नोबेल दिले नाही, अशी थट्टा त्यांनी म्हातारपणी करून घेतली.

निंदेला उत्तर रस्त्यावर मिळाले. ट्रोलहॅटनचाच एक आडदांड गडी, एरिक कार्लसन, जेमतेम साडेआठशे सीसीची साब ९६ घेऊन ब्रिटनची आरएसी रॅली १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीनदा जिंकला. मॉन्टे कार्लो रॅलीही दोनदा, १९६२ आणि ६३ मध्ये. कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्या मागे पडल्या. त्याची युक्ती सोपी आणि भयंकर होती. इंजिनात जोर नाही, तर वेग गमवायचाच नाही. ॲक्सिलरेटर दाबलेलाच, आणि वळणावर डाव्या पायाने ब्रेक. गाडी पुष्कळदा उलटायची, म्हणून अॅस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकथेतल्या पात्रावरून त्याला 'छपरावरचा कार्लसन' हे नाव पडले. पुढच्या चाकांना ताकद देणारी हलकी गाडी बर्फात किती चिवट असते, हे त्याने जाहिरातीवर कवडी खर्च न करता दाखवून दिले.

टू-स्ट्रोकचे दिवस मात्र संपत आले होते. १९६७ च्या मॉडेलपासून जर्मन फोर्डचे व्ही-४ इंजिन ९६ मध्ये बसू लागले. परक्याचे इंजिन घेताना साबला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट पुढच्या भांडणासाठी ध्यानात ठेवलेली बरी. दोन वर्षांनी कंपनी ट्रक बनवणाऱ्या स्कॅनियाशी एकत्र होऊन साब-स्कॅनिया झाली, आणि मग ते घडले ज्यासाठी साबचे नाव मोटारीच्या इतिहासात कायमचे राहील.

टर्बो ही वस्तू नवी नव्हती. एक्झॉस्टच्या वाया जाणाऱ्या वायूवर चक्र फिरवायचे आणि त्या चक्राने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. शर्यतीच्या गाड्यांत ती होती, पोर्शेत होती, बीएमडब्ल्यूने एका मॉडेलला लावून पाहिली होती. पण तिचा स्वभाव वात्रट. खाली काहीच नाही आणि वर गेल्यावर एकदम लाथ. स्कॅनियाच्या डिझेल ट्रकांमुळे साबच्या घरात टर्बोची माहिती मुरलेली होती. इंजिनिअर पेर गिलब्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार उलटा केला. सर्वाधिक वेग नकोच, रोज ऑफिसला जाणाऱ्याला ओव्हरटेक करताना लागतो तेवढा जोर मधल्या वेगात हवा. त्यासाठी टर्बो छोटा घेतला आणि दाब मर्यादेबाहेर गेला की जास्तीचा वायू सोडून देणारा व्हॉल्व्ह लावला. १९७७ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात आलेल्या ९९ टर्बोचे इंजिन दोन लिटरचे, ताकद १४५ अश्वशक्ती. लहान कंपनीला सहा सिलिंडरचे नवे इंजिन बनवणे परवडणारे नव्हते. चारातून सहाचे काम काढले, ते या गरिबीतून. १९७९ ची स्वीडिश रॅली स्टिग ब्लोमक्विस्टने याच गाडीवर जिंकली, आणि जागतिक रॅली स्पर्धेत टर्बो गाडीचा तो पहिला विजय ठरला.

त्यानंतर साबने इंजिनाला कान दिले. सिलिंडरमध्ये पेट्रोल अवेळी भडकून 'नॉकिंग' सुरू झाले की सेन्सर ते ओळखे आणि टर्बोचा दाब आपोआप उतरवे, म्हणजे हलक्या प्रतीचे पेट्रोल भरले तरी चिंता नाही. आज पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर बाराशे सीसीची टर्बो-पेट्रोल नेक्सॉन सहज धावते, तिच्या मागे जो विचार आहे, छोटे इंजिन, मधल्या वेगात भरपूर जोर, तो साधारण कुटुंबाच्या गाडीत रुजवण्याचे श्रेय ट्रोलहॅटनला द्यावेच लागते.

१९७८ मध्ये आलेली ९०० ही साबची खरी ओळख. विमानाच्या कॉकपिटसारखी वळवलेली उभट काच, इंजिन उलटे बसवलेले, म्हणजे क्लच पुढच्या बाजूला आणि गिअरबॉक्स खाली. क्लच बदलायला इंजिन उतरवावे लागत नसे. प्राध्यापक, वास्तुविशारद, डॉक्टर अशा मंडळींनी ती उचलून धरली. मर्सिडीज घेतली तर लोक श्रीमंत म्हणतील, साब घेतली तर विचारी म्हणतील, असा काहीसा हिशेब. (विचारी दिसण्याची हौस महागडीच असते.) हारुकी मुराकामींच्या कथेत नायकाची गाडी म्हणून हीच ९०० आहे. त्या कथेवरून रयुसुके हामागुची यांनी २०२१ मध्ये काढलेल्या आणि ऑस्कर मिळवलेल्या 'ड्राइव्ह माय कार'मध्ये गाडी लाल होऊन जवळजवळ एक पात्रच बनते.

पंधरा वर्षांत ९०० सुमारे नऊ लाख विकल्या गेल्या. आकडा मोठा वाटतो, पण वर्षाला साठ हजार म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या एका महिन्याचा खप. इथेच साबच्या दुखण्याचे मूळ आहे, आणि चाहत्यांना ते ऐकायला आवडत नाही. चांगल्यातल्या चांगल्या वर्षीही या कंपनीचा खप दीड लाखाला पोहोचला नाही. नव्या गाडीच्या आराखड्याचा, साच्यांचा, चाचण्यांचा खर्च मात्र गाड्या लाख बनवा की दहा लाख, जवळपास तेवढाच येतो. १९८४ च्या ९००० साठी साबने फियाट, लान्चा आणि अल्फा रोमिओ यांच्याशी खर्च वाटून घ्यायचे ठरवले. चारही गाड्यांचा पाया एक. पण अपघाताबद्दल साबचे मत वेगळे होते, दारे जास्त मजबूत हवी होती, पुढचा भाग वेगळा हवा होता. बदल करता करता दोन्हीकडे बसतील असे सुटे भाग थोडेच उरले. बचतीसाठी केलेल्या भागीदारीत बचत सोडून बाकी सगळे झाले. १९८६ मध्ये तीन ९००० टर्बो अमेरिकेच्या टॅलाडेगा ट्रॅकवर सुमारे वीस दिवसांत प्रत्येकी एक लाख किलोमीटर धावल्या. गाडी उत्तम होती यात वादच नाही. हिशेबाची वही कोण पाहत होते, हा प्रश्न उरतो.

अमेरिकेत गाड्या खपत होत्या, डॉलर वधारलेला होता, तोवर वही पाहायची गरज पडली नाही. डॉलर घसरला आणि सगळे उघडे पडले. त्याही अवस्थेत साबने १९८९ मध्ये माल्मो इथे जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर नवाकोरा कारखाना उघडला. दोन वर्षांत तो बंदही केला. हा निर्णय कुठल्या परक्या मालकाने लादलेला नव्हता.

त्याच १९८९ च्या वर्षी जनरल मोटर्सला युरोपातला प्रतिष्ठित ब्रँड हवा होता. नजर होती जॅग्वारवर, पण ती फोर्डने पटकावली. हात रिकामा राहिलेल्या जनरल मोटर्सने काही आठवड्यांतच साबकडे मोर्चा वळवला आणि साठ कोटी डॉलर मोजून निम्मी मालकी घेतली. मुलगी पसंत नव्हती, मुहूर्त टळू द्यायचा नव्हता, असे ते लग्न. २००० मध्ये उरलेला अर्धा हिस्सा घेतला, तो साडेबारा कोटी डॉलरना. दहा वर्षांत नवऱ्याकडे नांदून मुलीची किंमत किती उतरली, ते या दोन आकड्यांत दिसते.

नव्या मालकाने ओपेल व्हेक्ट्राचा पाया दिला. त्यावर नवी ९००, मग ९-३ आणि ९-५ आल्या. ट्रोलहॅटनच्या इंजिनिअरांनी मिळालेल्या सांगाड्यातही आपले काम केलेच. मागून धडक बसली तर आपोआप पुढे सरकून मान सावरणारे हेडरेस्ट १९९७ च्या ९-५ मध्ये आले. रात्री एक बटण दाबले की स्पीडोमीटर सोडून बाकीचे सगळे दिवे मालवतात, अशी सोय होती. डोळे रस्त्यावर राहावेत एवढाच हेतू. २००० च्या जिनेव्हा प्रदर्शनात तर त्यांनी चालता चालता कॉम्प्रेशन बदलणारे इंजिन मांडले, १.६ लिटरमधून सव्वादोनशे अश्वशक्ती काढणारे. खर्चाच्या कारणाने ते गुंडाळून ठेवले गेले. बदलत्या कॉम्प्रेशनचे इंजिन बाजारातल्या गाडीत आले ते २०१८ च्या सुमारास, निसानकडून.

जनरल मोटर्सने साबला मारले, हे वाक्य साबच्या चाहत्यांत वेदवाक्यासारखे आहे. ते अर्धेच खरे. त्या वीस वर्षांत साबने नफा दाखवला अशी वर्षे हाताच्या बोटांवर मोजावी लागतील, आणि तोटा अमेरिकी मालक निमूटपणे भरत होता. पण नवे मॉडेल काढायला तो पैसा देत नव्हता. तीच ९-५ तेरा वर्षे विकली गेली, आणि तेवढ्यात बीएमडब्ल्यूने ५ सिरीज दोनदा पूर्ण बदलली. दुकानात काहीतरी नवे हवे म्हणून सुबारू इम्प्रेझाला साबचे नाक लावून ९-२एक्स केली. लोकांनी तिला 'साबारू' म्हणून हिणवले. त्यानंतर आली ती चावी खाली नेलेली शेव्हरोले. तिच्या जोडीला अमेरिकेत घोषवाक्य होते 'बॉर्न फ्रॉम जेट्स'. पहिली साब आखली जात असताना कंपनी पंख्याची विमाने बनवत होती, आणि घोषवाक्य लिहिले गेले तेव्हा मोटार कंपनी विमान कंपनीपासून तुटून पंधरा वर्षे झाली होती.

फोर्डचे इंजिन घेतले म्हणून ९६ बाटली नव्हती. फियाटशी सोयरीक करून ९००० बाटली नव्हती. उसने काय घ्यायचे आणि कशाला हात लावू द्यायचा नाही, हे तोवर ट्रोलहॅटनमध्ये ठरत होते. ९-७एक्सच्या वेळी ते डेट्रॉइटमध्ये ठरले.

२००८ च्या मंदीत जनरल मोटर्स स्वतःच दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली आणि साबला गिऱ्हाईक शोधू लागली. स्वीडनच्या उद्योगमंत्री मॉड ओलोफसन यांनी स्पष्ट सांगितले की सरकार करदात्यांच्या पैशाने मोटार कारखाना चालवणार नाही. सुपरकार बनवणारी कोनिगसेग पुढे आली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये मागे फिरली. अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये डच उद्योजक व्हिक्टर म्युलर यांच्या स्पायकर या कंपनीने साब घेतली. स्पायकर वर्षाला मोजून काही डझन गाड्या विकायची. सशाने हत्ती विकत घेतला.

पैसा संपायला वर्षही पुरेसे झाले. २०१० मध्ये सुमारे ३२ हजार गाड्या बनल्या. एप्रिल २०११ मध्ये सुटे भाग पुरवणाऱ्यांची बिले थकली आणि असेंब्ली लाइन थांबली, जूनमध्ये पगार लांबले. चीनच्या यंगमन आणि पांगडा या कंपन्या पैसे ओतायला तयार होत्या. पण गाड्यांमधले बरेच तंत्रज्ञान जनरल मोटर्सच्या परवान्याखालचे, आणि चिनी मालक आला तर परवाना नाही, असे तिने बजावले. चीनमध्ये तिची स्वतःची भागीदारी वेगळ्या कंपनीशी होती. उसनवारीचा हप्ता असा फिटला. १९ डिसेंबर २०११ रोजी साब ऑटोमोबिलने दिवाळखोरीचा अर्ज केला. तीन हजारांवर माणसांची नोकरी गेली, ख्रिसमसच्या आठवड्यात.

साबच्या शेजारी दोन नावे ठेवून पाहावीत. जनरल मोटर्सच्या हातून सुटलेली जॅग्वार २००८ मध्ये लँड रोव्हरसह टाटा मोटर्सकडे आली, २.३ अब्ज डॉलरना. लगेच मंदीने गाठले, मुंबईत या खरेदीवर टीकेची झोड उठली, पण टाटांनी इंग्लंडमधल्या इंजिनिअरांना त्यांच्या जागी राहू दिले आणि नव्या गाड्यांवर पैसा लावला. व्होल्वो २०१० मध्ये चीनच्या जीलीकडे गेली आणि तिथेही साधारण तेच झाले. मात्र व्होल्वो तेव्हा वर्षाला पावणेचार लाख गाड्या विकत होती. साबला एवढा संयमी आणि श्रीमंत मालक १९९० मध्येच मिळाला असता, तरी ती वाचली असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण मेली असती, तर स्वतःच्या गाड्या बनवत मेली असती.

कारखान्याची इमारत २०१२ मध्ये नेव्ह्स या विद्युत गाड्यांच्या कंपनीने घेतली. तिने थोड्याशा ९-३ बनवल्याही, पण २०१४ मध्ये विमान कंपनी साबने आपले नाव परत मागून घेतले. गाडीवरचे मुकुटधारी गरुडसिंहाचे चिन्ह तर नेव्ह्सला मिळालेच नव्हते, कारण त्यावर स्कॅनियाचाही हक्क. मुंबई–पुणे रस्त्यावर स्कॅनियाची बस दिसली, तर तिच्या तोंडावरचा पक्षी बारकाईने पाहावा, साबच्या बॉनेटवर तोच होता. ट्रोलहॅटनच्या संग्रहालयातल्या शंभरावर गाड्याही लिलावाला निघाल्या होत्या. नगरपालिका, विमान कंपनी आणि वॉलेनबर्ग घराण्याचे प्रतिष्ठान यांनी मिळून २.८ कोटी क्रोनर भरले आणि तो ठेवा गावातच राहिला.

आणि सुटे भाग? साबला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँकेने कर्ज दिले होते, त्याला हमी स्वीडिश सरकारची होती आणि तारण म्हणून सुट्या भागांची कंपनी लावलेली. कर्ज बुडाले, हमी सरकारच्या अंगावर आली आणि तारण सरकारच्या पदरात. मोटार कारखाना चालवणार नाही म्हणून ठाम राहिलेले स्वीडिश सरकार त्यानंतर कित्येक वर्षे ओरिओ या नावाने साबचे सुटे भाग विकत बसले होते, सीटांच्या मधल्या कुलपापासून क्लचच्या प्लेटपर्यंत.